अडीचकी कशासाठी होती?

जुन्या मराठी शाळेतले पाढे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, हा समज इतका मुरला आहे की ते तसेच का आखले गेले असतील, हे विचारायचे राहूनच जाते. पंतोजींच्या शाळेत पोर धूळपाटीवर आकडे गिरवी आणि संध्याकाळी परवचा म्हणे. त्यात दोनापासून तिसापर्यंतचे पाढे असत आणि शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा अपूर्णांकांचा तांडा. मुलांना छळायचे म्हणून कोणी अडीचाचा पाढा रचणार नाही. ही यादी शाळेने नव्हे, बाजाराने ठरवली, असे मला वाटते.

पुरावा मापांतच आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. मणाचे ४० शेर आणि मुंबईकडे २० मणांची खंडी. आता एक आणा शेर या भावाने मणभर माल घेतला, तर ४० आणे, म्हणजे अडीच रुपये पडतात. तेव्हा शेराचा भाव आण्यांत कळला की अडीचकी म्हणायची, मणाचा भाव रुपयांत तयार! एक आणा मण असेल तर खंडीला २० आणे, म्हणजे सवा रुपया, तिथे सवायकी. गुणाकार, भागाकार आणि नाण्यांचे रूपांतर या तीन कामांना एकच पाढा पुरे. पावकी-निमकी-पाऊणकी तर चार, आठ आणि बारा आण्यांचे हिशेबच आहेत. औटकी, म्हणजे साडेतीनची पट, अशा जोडीत बसत नाही, हे कबूल. तिचे काम मधल्या भावांचे. साडेतीन आणे शेराने नऊ शेर घेतले की साडेएकतीस आणे, त्यातून सोळा वजा केले की एक रुपया साडेपंधरा आणे. सोळाचा पाढा या साऱ्याच्या तळाशी असे. परक्या देशातही हेच दिसते. इंग्रजी शाळांतले पाढे बारापर्यंत जात आणि शिलिंगाचे पेन्सही १२ होते, हा योगायोग मानणे कठीण आहे.

यावर कोणी म्हणेल, सतरा किंवा एकोणतीस यांचे तर ना नाणे ना वजन. मग ते पाढे कशाला? मालाचे नग आणि भाव ठरावीक आकडे पाहून येत नाहीत, त्यामुळे मधली पायरी गाळून चालत नसे. शिवाय हे मोठे पाढे वाटतात तेवढे महाग नव्हते, कारण त्यांना चाल आहे. एकोणतीसच्या पाढ्यात दर पावलाला तीस मिळवून एक काढायचा असतो: २९, ५८, ८७, ११६, १४५. एकक एकेकाने उतरतो, दशक तीन-तीनने चढतो. सतराचे एकक ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३ असे तीन-तीनने खाली येतात आणि तेवीसचे नेमके उलट क्रमाने वर जातात. दोन्ही पाढे शेजारी मांडले तर प्रत्येक ओळीची बेरीज ४०, ८०, १२० होते. चोवीससारखी सम संख्या पाचव्या पावलाला शून्यावर येऊन तीच फेरी पुन्हा धरते, पंचवीस चौथ्या पावलाला शंभर गाठतो. हे सगळे कागदावर दिसेल, पण परवचा तर तोंडी, असाही आक्षेप येईल. मात्र मराठीत शंभराच्या आतला आकडा बहुधा एककापासूनच बोलला जातो. अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी म्हणताना आठ आणि सात आधी कानावर पडतात. पाढा चुकला की कानाला खटकतो तो त्यामुळेच.

घोकंपट्टीचा आरोप म्हणून खोटा ठरतो का? पुरता नाही. दुकानात बसणाऱ्या मुलाला अडीचकीचा अर्थ आठवड्याभरात गल्ल्यावर कळत असेल. ज्याला गल्ला कधी दिसलाच नाही, त्याच्यासाठी ती नुसती आवाजांची माळ राहिली असणार. दोष पाढ्याचा कमी आणि त्याला उपयोगापासून तोडणाऱ्या शिकवण्याचा जास्त.

कसोटीचा प्रसंग १ एप्रिल १९५७ रोजी आला. रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि पुढच्या वर्षापासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली. चाळीस शेर आणि सोळा आणे ही जोडी फुटली, तशी अडीचकीची सोयही संपली. पुढे पावकीपासून औटकीपर्यंतचे पाढे शाळेतून मागे पडत गेले. तिसापर्यंतचे पाढे मात्र टिकले, आणि माझ्या म्हणण्याला खरी अडचण तीच आहे: बाजाराने जन्माला घातले असेल, तर बाजार बदलल्यावर ते का राहिले? पूर्ण संख्येचा पाढा कुठल्याच एका मापाला बांधलेला नसतो, हे एक उत्तर. मोठ्या भागाकारात तो अजून वेळ वाचवतो, हे दुसरे. त्यांच्यात फरक पडला तो दर्जाचा. ज्या सोळाच्या पाढ्यावर अवघा हिशेब उभा असे, तो आता व्यवहारात सतराच्या पाढ्याहून अधिक कामाचा नाही.