लाकडी पात्राची कुळकथा

देवस्थानातील चांदीची ताम्हने, समया व पालखी यांकडे दर्शनार्थींची दृष्टी सहज जाते. कोठीच्या कोपऱ्यातील कोरीव लाकडी पात्र मात्र बहुधा दुर्लक्षितच राहते. वस्तुतः कुळ पाहू गेल्यास यज्ञसंस्थेशी या पात्राचे नाते फार जवळचे आहे.

श्रौतकर्मातील बहुतेक हवनपात्रे काष्ठाचीच असत आणि प्रत्येकाचा वृक्षही ठरलेला असे. जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची, तर स्रुव खैराचा. सोमरसाचा द्रोणकलशही लाकडाचाच. ऋग्वेदात ऋभूंची कथा आहे. हे तिघे सुधन्व्याचे पुत्र, जन्माने मर्त्य. त्वष्ट्याने घडविलेल्या एका चमसाचे त्यांनी चार चमस केले आणि अशा हस्तकौशल्याच्या बळावर ते देवपदास पोहोचले. तिसऱ्या सवनात त्यांना सोमाचा वाटाही मिळाला. पात्र कोरणाऱ्या हातांचा एवढा सन्मान अन्यत्र क्वचितच आढळेल.

असे असूनही प्राचीन लाकडी पात्रे आज दृष्टीस पडत नाहीत, याचे कारण उघड आहे. अग्निहोत्री निवर्तला म्हणजे त्याची यज्ञपात्रे त्याच्या देहावर ठेवून त्याच्यासह अग्नीस अर्पण करीत. शिवाय कोकण व गोमंतक येथील दमट हवा आणि वाळवी यांपुढे लाकूड फार काळ टिकत नाही. त्यामुळे या कलेचा इतिहास वस्तूंपेक्षा ग्रंथांत आणि कारागिरांच्या हातांतच अधिक उरला.

त्या हातांची एक खूण म्हणजे काथवट. भाकरीचे पीठ मळण्याचे हे पात्र अखंड लाकडातून कोरतात. येथे कातीव व कोरीव यांतील भेद ध्यानी घेणे इष्ट होय. कातारी लाकूड फिरते ठेवतो, म्हणून त्याचे पात्र वर्तुळाकारच होते. कोरणारा लाकूड स्थिर ठेवतो व त्याच्या अंगच्या वळणाप्रमाणे हत्यार चालवितो. म्हणूनच पावसाळ्यात उन्मळून पडलेला फणस, वाकडी फांदी अथवा गाठाळ बुंधा हे इमारतीच्या कामी निरुपयोगी ठरलेले लाकूड त्याला उपयोगी पडते. ओंडका मधोमध फोडून गाभा काढून टाकावा लागतो, अन्यथा वाळताना तडा जातो. लाकूड ओले असतानाच वाकसाने पोट खोदतात, मात्र काठ जाड ठेवतात. मग ते सावलीत सावकाश वाळू देतात. वाळल्यावर पटाशीने काठ सारखा करून त्यावर पाकळ्या वा वेल उठवितात आणि शेवटी तेल मुरवितात. फणसाचे पिवळे लाकूड वर्षे लोटता गडद तपकिरी होते. ती झळाळी कोणत्याही रोगणाने साधत नाही.

गोमंतकातील देवस्थानांच्या महाजनांसाठी 1886 साली पोर्तुगीज सरकारने नियमावली केली, पुढे 1933 साली ती नव्याने सिद्ध झाली. कारभार कागदोपत्री चोख ठेवण्याची सवय महाजन कुटुंबांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. दात्याचे नाव तर संगमरवरी पाटीवरही कोरले जाते. परंतु ज्याने पात्र कोरले त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. ऋभूंना सोमाचा वाटा देणाऱ्या परंपरेस हे शोभत नाही. देवळाच्या अंगणातील जुना वृक्ष पडला, तर तो सरपणात घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्या सुतारास दाखवावा. त्यातून पात्र घडल्यास वृक्ष, वर्ष आणि कारागीर या तिघांची नोंद दप्तरात व्हावी. लाकूड आज ना उद्या जाईल, निदान नाव तरी राहील.