तंबूपासून तबूपर्यंत



'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याने घर कधी विकलेलं नसावं. गेल्या वर्षी आम्ही भावंडांनी दिमोनामधलं आईपप्पांचं घर विकलं. मी नर्स म्हणून आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, पण त्या चार महिन्यांत जेवढी दमले आणि जेवढी हसले, तेवढी क्वचितच. त्या निमित्ताने आपल्या बेने इस्राएल लोकांच्या घरांचा थोडा इतिहास हाती लागला. तो आज सांगते.

सुरुवात झाली वकिलाच्या ऑफिसात. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, घर तबूत आहे का? आई नव्वदीला टेकलेली. माझ्याकडे वळून ती मराठीत म्हणाली, "त्याला सांग, आम्ही तंबूत कधी नव्हतो. तंबूत राहिले ते आमच्या आधी आलेले."

तबू म्हणजे इथलं जमीन-नोंदणी दफ्तर. शब्द मूळचा तुर्की, ऑटोमन राजवटीतला. तुर्क गेले, इंग्रज आले, तेही गेले, शब्द मात्र राहिला. आईने ऐकलं चुकीचं, पण तिचा इतिहास बरोबर होता. १९४९ ते १९५१ च्या सुमारास जे आपले लोक आले, त्यांतल्या अनेकांच्या नशिबी 'माबारा' आला. माबारा म्हणजे नव्या लोकांची तात्पुरती छावणी. तिथे तंबू, पत्र्याच्या खोल्या, सामाईक नळ. मुंबईत रेल्वेत, पोस्टात कारकुनी केलेली माणसं बेरशेबाच्या धुळीत तंबूचे खुंटे ठोकत होती. त्यांना मिळणारी वागणूकही अनेकांना झोंबली. काही कुटुंबांनी १९५१ साली तेल अवीवला धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ साली खरोखर भारतात परतले. त्यांतले बरेचजण पुढे पुन्हा इथेच आले. माणूस तंबू सोडून पळतो, देश सोडून नाही, असं पप्पा म्हणायचे.

आम्ही आलो १९६९ साली. मी नऊ वर्षांची. तोवर दिमोनामध्ये पक्क्या इमारती उभ्या होत्या. १९५५ साली वसवलेलं हे वाळवंटातलं गाव, तिथे कापडगिरण्या निघालेल्या, आणि मुंबईच्या गिरणीत काम केलेल्या पप्पांना साच्यांचा आवाज ओळखीचा होता. सरकारी वसाहतीला हिब्रूत म्हणतात 'शिकून'. आईला हा शब्द फार आवडला. "पोरं शिकून मोठी होतील," असं ती पत्रात लिहायची, आणि वाचणाऱ्याने कुठला अर्थ घ्यायचा तो घ्यावा!

घर तीन खोल्यांचं मिळणार असं कागदावर होतं. पप्पांनी हिशेब केला: तीन खोल्या, शिवाय हॉल, शिवाय स्वयंपाकघर. वाड्यातच राहायला चाललोय जणू! पोचल्यावर कळलं की इथे बैठकीची खोलीसुद्धा खोल्यांत मोजतात. तीन खोल्या म्हणजे आपल्या हिशेबाने दोन खोल्या आणि हॉल. तिसरी खोली कुठे आहे म्हणून माझा धाकटा भाऊ घरभर शोधत होता. आजही भारतातून नवा कुणी आला की हा घोटाळा होतोच. त्यात इथे अर्धी खोलीही असते.

आधी भाडं, मग काही वर्षांनी भाडेकरूंना घर विकत घेण्याची सवलत निघाली. पप्पांनी कर्ज काढलं. त्या वेळी चलन लिरा होतं. १९८० साली शेकेल आला, आणि महागाई एवढी भडकली की १९८५ साली तीन शून्यं कापून नवा शेकेल काढावा लागला. कर्ज एकच, पण त्याचे आकडे तीन चलनांत लिहिलेले. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी पप्पा दाराबाहेर गेले, बेल वाजवली, आणि आईने दार उघडल्यावर विचारलं, "घरमालक आहेत का?"

घर नावावर झालं तेव्हा मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नावीची आठवण. तोराहमध्ये लढाईला जाणाऱ्यांचे नियम आहेत. ज्याने नवं घर बांधलं पण अजून त्याचं उद्घाटन केलं नाही, त्याने लढाई सोडून घरी जावं, अशी सूट त्यांत आहे. घराच्या आनंदाला आपल्या धर्मात केवढा मान, ते पाहा.

आता पुन्हा वकिलाकडे. घर तबूत नव्हतं. त्या काळच्या बऱ्याच वसाहतींची नोंद वर्षानुवर्षं तबूपर्यंत पोचलीच नाही, जुनी कागदपत्रं दाखवून हक्क सिद्ध करावा लागतो. पप्पांचे सगळे कागद एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. संदेष्टा यिर्मयाहूने यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना अनाथोथचं शेत १७ शेकेल चांदी मोजून घेतलं, आणि खरेदीखत टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितलं. वेढा पडलेला असताना जमीन घेणारा आणि कागद जपणारा तो माणूस मला त्या दिवशी आमच्या पप्पांसारखाच वाटला.

डब्यात दिमोनाचे कागद निघालेच. तळाशी आणखी दोन निघाले. एक, मुंबईतल्या माझगावच्या खोलीची भाडेपावती. दुसरी, रेवदंड्याच्या घराच्या खरेदीखताची नक्कल, साल १९६८.

भाडेपावतीमागे गोष्ट आहे. मुंबईतले आपले बहुतेक लोक घराचे मालक कधीच नव्हते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, आणि खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून 'पगडी' घ्यायची पद्धत पक्की झाली. भिंती मालकाच्या, विकायचा तो फक्त राहण्याचा हक्क. पुढे महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने या पगडीला मान्यता दिली. काकांनी खोली सोडून तेल अवीव गाठलं, तर तिथेही तेच! नाव 'दमेई मफ्तेआख', म्हणजे किल्लीचे पैसे. १९७२ च्या भाडेकरू संरक्षण कायद्यात त्याचे नियम आहेत. काका म्हणायचे, "मुंबईत पगडी गेली, इथे किल्ली आली. घर काही आलं नाही."

आता रेवदंड्याचं खरेदीखत. आजोबांनी ते घर शेजारच्या हिंदू कुटुंबाला विकलं. मोडी वळणाचा हात असलेल्या कुणीतरी लिहिलेला कागद. त्यात चतुःसीमा: पूर्वेस अमक्याची वाडी, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस आपल्याच एका तेली कुटुंबाचं घर, उत्तरेस विहिरीची वाट. मग झाडं: नारळ ७, आंबा १, फणस १. आणि शेवटी तो जुना ठरलेला मजकूर: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. म्हणजे पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड आणि जमिनीत पुरलेला ठेवा असला तर तोही! भाऊ म्हणाला, आजोबांनी ठेवा विकला म्हणजे आता खणायलाही जाता येणार नाही.

वाचता वाचता मला आपल्या आब्राहामची खरेदी आठवली. साराला पुरायला त्याने हेब्रोनजवळ मखपेलाची गुहा घेतली. विकणारा एफ्रोन चारचौघांत म्हणतो, अहो, फुकट घ्या. मग हळूच आकडा सांगतो, ४०० शेकेल, आणि वर म्हणतो, तुमच्या-माझ्यात एवढ्याचं काय! घर विकत घेतलेल्या प्रत्येकाला हा एफ्रोन भेटलेला आहे. सौदा पुरा होतो तेव्हा तोराह काय काय मोजते? शेत, गुहा आणि शेताच्या चारी हद्दींतलं प्रत्येक झाड. चतुःसीमा आणि झाडं! आमच्या रेवदंड्याच्या कागदासारखंच.

तोराहमध्ये घरविक्रीचे आणखीही नियम आहेत. जमीन कायमची विकायची नाही, पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जाते. कोट नसलेल्या गावातल्या घरालाही तोच नियम. पण तटबंदीच्या नगरातलं घर विकलं तर ते सोडवायला एकच वर्ष, मग ते कायमचं गेलं. इस्राएलमध्ये आजही सुमारे ९३ टक्के जमीन सार्वजनिक मालकीची आहे आणि तिचे पट्टे ४९ वर्षांच्या हिशेबाने देतात, तो याच पन्नास वर्षांचा धागा. भावाने लगेच बोटं मोजली: १९६८ ला पन्नास वर्षं कधीच झाली, म्हणजे घर आपलं! मी त्याला आठवण दिली की हा नियम इस्राएलच्या भूमीचा, आणि शिवाय रेवदंडा गाव पोर्तुगिजांच्या कोटाच्या आत आहे. एक वर्ष केव्हाच संपलं.

घर बघायला लोक येऊ लागले तेव्हा एजंटने सांगितलं, घरात दालचिनीच्या केकचा वास असू द्या. आईने आयुष्यात केक केला नव्हता. तिने वालाचं बिरडं केलं, वर कढीपत्त्याची फोडणी. एजंट कपाळाला हात लावून बसला. पण मोरोक्कोहून आलेल्या घरातलं एक तरुण जोडपं वास घेत सरळ स्वयंपाकघरात शिरलं आणि हे कसलं पान म्हणून विचारू लागलं. आईने त्यांना मागच्या अंगणात नेलं. तळमजल्याचं घर, तिथे पप्पांनी लावलेलं कढीपत्त्याचं झाड आहे, माझ्या डोक्याहून उंच. त्याच जोडप्याने घर घेतलं.

करारात घरासोबत काय काय राहील याची यादी असते. गच्चीवरचा सौर बंब, दोन एसी, स्वयंपाकघरातली कपाटं. वकील वाचत होता. आई म्हणाली, "झाड लिहिलं का?" तो हसला, झाड तर जमिनीसोबत जातंच. आई म्हणाली, "आब्राहामाने लिहून घेतलं होतं." यावर त्याला उत्तर सुचेना. कढीपत्त्याला हिब्रूत काय म्हणतात तेही त्याला सुचेना. शेवटी त्याने लिहिलं: भारतीय झाड, नग १, तोडणार नाही. तबूच्या दृष्टीने या ओळीला किती किंमत आहे ते मला माहीत आहे. पण दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या.

मग उरली मेझुझा. आजोबांनी रेवदंड्याचं घर विकलं तेव्हा उजव्या चौकटीवरची मेझुझा काढून घेतली, कारण घेणारं घर यहुदी नव्हतं. तीच पितळी मेझुझा दिमोनाच्या दारावर लागली. आता घेणारे यहुदी, आणि अशा वेळी मेझुझा काढून न्यायची नाही असा आपला नियम आहे. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तिथे काढायची म्हणून काढली, इथे ठेवायची म्हणून ठेवायची. आपल्या मनासारखं कधी?"

मी रब्बींना विचारलं. ते म्हणाले, तिच्या जागी दुसरी चांगली मेझुझा लावा, मग जुनी नेता येईल. आधी आतलं चर्मपत्र तपासून घ्या. लेखनिकाने उघडून पाहिलं तर अक्षरं विरलेली. कोकणातली दमट हवा आणि दिमोनाचं ऊन, एवढं सोसल्यावर कोण टिकेल? आम्ही नव्या मालकांसाठी नवी मेझुझा आणली आणि आईनेच ती त्यांच्या दारावर लावली. पितळी नळीत नवं चर्मपत्र घातलं. ती आता अश्दोदला माझ्या घरी, आईच्या खोलीच्या दाराला आहे.

काही वर्षांपूर्वी मी रेवदंड्याला गेले होते. घराला नवा रंग होता, चौकट तीच. उजव्या बाजूला दोन खिळ्यांची भोकं, रंगाखालूनही दिसणारी. घरच्या आजीबाईंनी ओळख लागताच आत बोलावून फणसाचे गरे दिले. कागदावरचा तोच फणस.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. आईवडिलांचं घर आवरताना तो टाकू नका. त्यातले जुने दस्त वाचा, मोडी असेल तर जाणत्याकडून वाचून घ्या. कुठल्या गावात आपली किती घरं होती, शेजारी कोण होते, अंगणात काय पिकत होतं, हे त्या चतुःसीमांत लिहिलेलं आहे. एखादी नक्कल मिळाली तर मला कळवा. आणि दिमोनाला गेलात तर त्या झाडावर लक्ष ठेवा. आई दर शुक्रवारी विचारते.