ख्रिस्ती श्रद्धेतील क्षमा : दयेचे दान आणि परतफेडीचे बंधन

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे दरवर्षी सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. पवित्र मरियेच्या जन्मदिनाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास होणारी ही यात्रा १९४९ पासून सुरू असून, हे स्थान कॅथलिक चर्चच्या नाशिक धर्मप्रांतात येते. नवस बोलणारे आणि फेडणारे भाविक येथे मोठ्या संख्येने येतात. कॅथलिक शिकवणुकीनुसार मात्र यात्रेचा मुख्य हेतू नवस नव्हे, तर पश्चात्ताप आणि पापक्षमा हा आहे.

ही क्षमा नेमकी करतो कोण, याविषयी ख्रिस्तीतर समाजात बरेच गैरसमज आहेत. मरिया भक्तांसाठी मध्यस्थी करते; क्षमेचा अधिकार केवळ परमेश्वराचा, असे चर्च मानते. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरूही स्वतःच्या अधिकारात क्षमा करीत नाही. पुनरुत्थित येशूने शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात नमूद आहे; त्या आधारे तो ख्रिस्ताच्या नावाने पापमुक्ती घोषित करतो. जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. कानी पडलेले पाप जाणूनबुजून उघड करणारा धर्मगुरू चर्चमधून बहिष्कृत होतो.

याच जिल्ह्यात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा प्रॉटेस्टंट आहे. तेथे धर्मगुरूपुढे वैयक्तिक पापनिवेदनाची सक्ती नाही. पापाची कबुली थेट देवापुढे किंवा उपासनेत सर्वांनी मिळून द्यायची असते. मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये दंडमाफीपत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हापासूनचा हा वाद आहे. तथापि, देवाची दया विकत घेता येत नाही, उपवासाने वा दानाने ती कमावताही येत नाही, यावर आज दोन्ही परंपरांचे एकमत आहे.

मग क्षमा झाली म्हणजे सारे संपले काय? येथे कॅथलिक शिकवण बरीच कडक आहे. मनापासून पश्चात्ताप, पापाची कबुली आणि भरपाई या तिन्ही गोष्टी पापी माणसाकडून अपेक्षित आहेत. चोरी केलेल्याने शक्य असल्यास वस्तू परत केली पाहिजे. कोणाची बदनामी केली असल्यास त्याचे नाव पुन्हा उजळ करण्याचा प्रयत्न केला पाहिजे. ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून देवाशी परस्पर समझोता करण्याची सोय या धर्मात नाही. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेतही देवाच्या क्षमेची सांगड माणसाने इतरांना केलेल्या क्षमेशी घातलेली आहे. मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातील या प्रार्थनेत ‘ऋण’ हा शब्द येतो. सावकारी पाहिलेल्या मुलखात तो समजावून सांगावा लागत नाही.

लूकच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखलाही असाच शेतकरी घरातला वाटतो. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, ती परदेशी उधळतो आणि दुष्काळात डुकरे चारण्याची वेळ आल्यावर परततो. चाकर म्हणून ठेवा, एवढेच त्याचे मागणे असते. बाप मात्र ते वाक्य पुरे होण्याआधीच त्याला उंची वस्त्र, अंगठी आणि वहाणा देण्यास सांगतो. प्रवचनांत बहुधा यावरच भर असतो. पण उरलेले सर्व काही तुझेच आहे, असे बाप थोरल्याला पुढे सांगतो, याकडे कमी लक्ष जाते. धाकट्याला घर परत मिळाले. उधळलेली वाटणी भरून मिळाल्याचा उल्लेख नाही.

थोरल्याचा राग अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. इतकी वर्षे राबूनही मित्रांसोबत मेजवानीला एक करडू मिळाले नाही, अशी त्याची तक्रार आहे. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.