७४ चाकांचा ट्रेलर अन् ओढ्यावरचा पूल

शिराळा : गुढे-पाचगणी पठारावरची पवनचक्की बघितली की पहिला प्रश्न हाच, एवढं लांब पातं घाटानं वर नेलं कसं? साध्या ट्रकचं हे काम नाही. पात्याला लांबी वाढवता येणारा ट्रेलर लागतो, जड यंत्राला हायड्रॉलिक ॲक्सलचा.

गणित इंजिनापेक्षा ॲक्सलचं जास्त. चार टायरच्या एका ॲक्सलवर केंद्राच्या २०१८ च्या नियमानं साडेअकरा टन वजन चालतं. ओझं वाढलं की ॲक्सल वाढवायचे, म्हणजे भार वाटला जातो. हायड्रॉलिकमुळं खड्ड्यातसुद्धा तो सगळ्या चाकांवर सारखा राहतो. मागची चाकंही वळतात, म्हणून वळण निघतं.

अंबरनाथला तयार झालेली इस्रोची ७० टनांची भट्टी (ऑटोक्लेव्ह) जुलै २०१९ मध्ये ७४ चाकांच्या गाडीवरून महाराष्ट्रातून निघाली. तिरुवनंतपुरमला पोचली जुलै २०२० मध्ये! अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. सोबत ३२ माणसं. वाटेत झाडं तोडावी लागली, तारा काढाव्या लागल्या, त्यात लॉकडाऊन.

आपल्या गावातनं असा ट्रेलर जाणार असेल तर उसाचा ट्रॅक्टर आधीच बाजूला घ्या. ही गाडी पटकन थांबत नाही. आडवी तार बांबूनं कुणालाही उचलू देऊ नका, महावितरणकडून लाईन बंद करूनच पुढं. अन् ओढ्यावरचा पूल जुना असेल तर ग्रामपंचायतीनं परवानगीचा कागद मागावा, त्यातलं वजन आणि मार्ग बघावा. पूल खचला तर ऊस आपलाच अडकतो.