कणीस-विळा आणि कोयता

१९६७ साली बीडनं लोकसभेत पाठवलेला माणूस बीडचा नव्हता. नाना रामचंद्र पाटील, गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. पक्ष भारतीय कम्युनिस्ट, निशाणी कणीस-विळा. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, या मताची गोष्ट फार रंगवून सांगत. "पक्ष-बिक्ष कुणाला कळत व्हता? कागदावर कणीस दिसलं, विळा दिसला. दोन्ही आपल्या घरातले. हाणला शिक्का."

एवढ्यावर मात्र ते थांबत नसत. नानांची कीर्ती निजामाच्या राज्यातच इकडे पोचली होती, असं ते म्हणत. साताऱ्याकडं कुणी पाटील आहे, त्याची माणसं इंग्रजाच्या खबऱ्याच्या तळपायाला पत्र्या ठोकतात, ही बातमी बाजारातून बाजारात फिरत आली. सिंदफणेच्या काठी रझाकारांच्या धास्तीनं रात्री काढणाऱ्या लोकांना ती किती गोड लागली असेल, याचा अंदाज मला त्यांच्या आवाजावरून यायचा. पत्र्यांची गोष्ट सगळ्यांनाच पाठ असते. १९४३ ते १९४६ या काळात नानांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं बसवली, सावकाराला वेसण घातली, हुंडा आणि वाजंत्री टाळून खादीच्या कपड्यांत गांधी-लग्नं लावली, हे सांगणारा म्हातारा क्वचितच भेटतो. आबांना या सगळ्याहून एकच गोष्ट मोठी वाटे. नाना आधी तलाठी होते आणि १९३० साली त्यांनी ती नोकरी सोडली. "तलाठ्यानं तलाठीपण सोडलं! असा माणूस कधी बघितला का?" सातबाऱ्यासाठी चकरा मारलेल्या कुणालाही या आश्चर्याची खोली कळेल.

आबांचा जीव तलाठ्याच्या दप्तरात अडकलेला असण्याला कारण होतं. माझे पणजोबा नदीपल्याडच्या एका वाड्याचे कूळ. हैदराबाद संस्थान गेल्यावर १९५० साली कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. खंडाला मर्यादा आली, कुळाला मनमानी काढून टाकणं बंद झालं आणि संरक्षित कुळाला कसत असलेली जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. निदान कागदावर तरी. कितीतरी वाड्यांवर कुळांना ओसरीत बसवून 'राजीखुशीनं जमीन सोडतो' असं लिहून घेतलं गेलं. पणजोबांनी अंगठा दिला नाही. का दिला नाही याच्या आमच्या घरात तीन वेगवेगळ्या कथा आहेत आणि तिन्हींत पणजी त्यांच्याहून शूर आहे. १९५४-५५ च्या खासरा पाहणीत त्यांचं नाव लागलं. आज आम्ही जी कापूस-बाजरी करतो ती त्या एका ओळीवर.

त्याच वाड्यावर आबांच्या बहिणीचे, आमच्या आत्याआजीचे सासरे सालगडी होते. तेच शिवार, तीच बैलं, घामही तोच. पण साल घातलेला माणूस कायद्याच्या लेखी कूळ नव्हता. "नाव कुळाचं लागतंय," आत्याआजी म्हणायची, "गड्याचं कुठं लागतंय?"

हे वाक्य डोक्यात असल्यामुळेच बहुधा आयर्लंडच्या मायकेल डेव्हिटविषयी वाचताना मी जागोजाग अडखळलो. हा गडी १८४६ साली मेयो परगण्यातल्या स्ट्रेड गावी जन्मला, बटाट्यावरच्या रोगानं पडलेल्या महादुष्काळात. खंड थकला म्हणून १८५० साली कुटुंबाला घराबाहेर काढलं. ते पोट भरायला इंग्लंडात लँकेशायरला गेले. तिथं अकरा वर्षांच्या मायकेलचा उजवा हात कापडगिरणीच्या यंत्रात गेला. पुढं सशस्त्र क्रांतिकारकांत सामील झाला, १८७० साली शिक्षा झाली, सात वर्षं तुरुंगात काढली. सुटून आल्यावर मात्र त्यानं बंदुकीपेक्षा खंडाचा प्रश्न हाती धरला. २१ ऑक्टोबर १८७९ रोजी डब्लिनमध्ये त्याच्या पुढाकारानं लँड लीग उभी राहिली, अध्यक्ष झाला आयरिश पुढारी पार्नेल. मागण्या तीन. रास्त खंड, खंड भरणाऱ्याला जमिनीवर कायम हक्क आणि आपला हक्क विकायची मोकळीक. दोन वर्षांत, १८८१ साली, ब्रिटिश पार्लमेंटला त्या मान्य कराव्या लागल्या. आमच्या १९५० च्या कायद्याची कलमं आणि या मागण्या शेजारी ठेवल्या तर मधली सत्तर वर्षं आणि समुद्र पुसून जातात.

नानांप्रमाणे डेव्हिटही बंडातून पार्लमेंटात गेला आणि बोअर युद्धाचा निषेध म्हणून १८९९ साली तिथून उठूनही आला. दादाभाई नवरोजींना आयर्लंडच्या एखाद्या मतदारसंघातून निवडून आणावं, असंही त्याच्या मनात होतं. ते जमलं नाही. दादाभाई १८९२ साली लंडनमधून निवडून गेले.

लँड लीगचा सगळ्यात गाजलेला लढा १८८० चा. कॅप्टन बॉयकॉट हा मेयोत एका बड्या जमीनदाराचा कारभारी. लोकांनी त्याच्याशी व्यवहारच तोडला. दुकानदार माल देईना, मजूर पीक काढीना. शेवटी उत्तरेकडून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक-पोलीस. पण जरा थांबून पाहा. कापणी कुणी सोडली? मजुरांनी. जमीन कुणाला मिळाली? खंड भरणाऱ्यांना. १९०३ च्या कायद्यानं सरकारी कर्ज देऊन कुळांना मालक केलं, तेव्हा डेव्हिट त्यावर नाराजच होता. जमीन कुणा एकाची नको, साऱ्या देशाची असावी, असं त्याचं मत. जमीनदाराला मिळालेली किंमत त्याच्या डोळ्यात खुपली. मालक होऊ घातलेल्या शेतकऱ्यांनी त्याचं हे म्हणणं हसून सोडून दिलं. मला यात डेव्हिटचा पराभव दिसतो आणि तो त्याच्या विजयाहून जास्त शिकवणारा वाटतो.

कारण आमच्याकडं तेच झालं. १९७२ च्या दुष्काळात आत्याआजी आधी खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, आणि दुष्काळ सरल्यावर उसाला. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन टोळी निघायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या पाचटाची कोपी, पहाटे तीनला उठणं, दिवसभर तोडणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, संध्याकाळी वाढं विकून मीठ-मिरची. बहुतेक हंगाम तिनं वाळवा-कुंडलच्या पट्ट्यात काढले, म्हणजे नानांच्याच मुलखात.

तो मुलूख तोवर पार बदलला होता. प्रतिसरकारातल्या माणसांनी बंडाचं शहाणपण सहकारात लावलं. वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी हुतात्मा किसन अहिर कारखाना काढला, कुंडलला जी. डी. बापू लाडांच्या नावाचा क्रांती कारखाना आहे. कृष्णेचं पाणी शिवारात आलं. नाना स्वतः ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत वारले. त्यांनी माया जमवली नाही, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. पण त्यांच्या चळवळीचं पीक कृष्णाकाठच्या जमीनवाल्यांच्या खळ्यात जास्त आलं आणि ते तोडायला बीडकडच्या आमच्या शिरूरची माणसं गेली. अण्णांना हे दिसत असावं. १९९३ पासून त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांचा लढा उभा केला आणि त्या चळवळीतून भूमिहीनासाठीही पाण्यात वाटा मागितला गेला. डेव्हिटला ही मागणी आवडली असती, असं मला उगाचच वाटतं.

आत्याआजीनं एकदा तिथल्या बागायतदाराला सांगितलं होतं, "तुमच्या नानाला आमी निवडून दिलं व्हतं बरं का." तो म्हणाला, "मग तुम्ही आमचे पावणेच की." तिला ते आवडलं होतं. पाहुणचारात ताक मिळालं, तोडणीचा दर तोच राहिला.

कोयता बंद पडला की ती रेडिओला कान लावून बसे. आमच्या बाजूला संपाला हेच नाव. अशाच एका संपात मी तिला मेयोतल्या कापणीची गोष्ट सांगितली. तिनं सुपारी कातरता कातरता सगळी ऐकली.

"मंग त्या मजुरांला काय भेटलं?"

सांगितलं, की १८८३ साली त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला. घर आणि अर्धा एकर तुकडा. डेव्हिटनं पुढं १८९० साली शेतमजूर-कामगारांची संघटनाही काढली, आणि अशी हजारो घरं उठली.

"अर्धा एकर? अन घर पक्कं?"

"पक्कं."

"कोपीपरीस बरंच की मंग." आडकित्ता क्षणभर थांबला. "अन घर कुणाच्या नावावर?"

"सरकारी मंडळाच्या. हे भाड्यानं राहायचे."

"म्हंजी नाव न्हाईच लागलं," ती म्हणाली आणि रेडिओचा कान पिळला.