दीपनगरच्या दिव्याखाली



वरणगावहून भुसावळकडे निघालं की दीपनगरची उंच धुराडी दिसतात. लहानपणी मी आजीला विचारायचे, "वीज इथंच होते, मग आपल्याच घरची लाईट का जाते?" कंदिलाची काच राखेनं पुसत आजी म्हणायची, "दिव्याखाली अंधारच असतो, बाई." खरं उत्तर मला पुढे कळलं. तेच आज सांगते.

दीपनगरचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. तापीचं पाणी जवळ, कोळसा आणायला रेल्वे जवळ. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॅटचे दोन संच आले. पण इथली वीज सरळ आपल्या घरात येत नाही. ती मोठ्या तारांवरून राज्यभरच्या विजेत मिसळते. मग उपकेंद्र, फीडर, डीपी असं करत आपल्या मीटरपर्यंत पोचते. वळवाच्या वाऱ्यात तारेवर फांदी पडली, किंवा उन्हाळ्यात डीपीवर भार वाढला, की वीजघर शेजारी असूनही आपण अंधारात.

२००५ च्या सुमारास तर राज्यात विजेचाच तुटवडा होता. भारनियमनाच्या वेळा पाहून आपण दळण आणि पाणी उरकायचो. तेव्हा अक्षय प्रकाश योजना आली. गावानं संध्याकाळी मोटारी आणि जड उपकरणं बंद ठेवायची, फक्त दिवे, पंखे अशा गरजेच्या वस्तू चालवायच्या. बदल्यात त्या वेळी गावाला लाईट मिळायची. म्हणजे मोजून वापरलं तर थोडी वीजही पुरते. आपल्या आज्यांना हे ठाऊकच होतं. त्या कंदिलात रॉकेल मापानंच घालायच्या.

इन्व्हर्टर घेताना मात्र आपण हे माप विसरतो. मीही विसरले. स्वस्त पडते म्हणून गाडीची बॅटरी आणली, ती वर्षभरातच बसली. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा जोर लावण्यासाठी असते. घराला तासन्‌तास थोडी थोडी वीज देणारी हवी. त्यासाठी ट्यूब्युलर बॅटरी मिळते. शिसं आणि आम्लाची ही बॅटरी मुळात १८५९ मध्ये फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी शोधली.

आता हिशेब करू. एक साधा पंखा ७५ वॅट, नऊ-नऊ वॅटचे तीन दिवे २७, मोबाईल चार्जिंग ८. झाले ११० वॅट. चार तास लाईट गेली तर ११० गुणिले ४, म्हणजे ४४०. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून ५५० धरा. शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर खराब होते, म्हणून दुप्पट करा: ११००. बारा व्होल्टनं भागा. उत्तर आलं ९२. म्हणजे १०० अँपिअर-तासाची बॅटरी पुरे.

पंखा कमी विजेचा, ३० वॅटचा घेतला, तर हाच हिशेब ५५ च्या आत येतो आणि ६० ची बॅटरीही चालते. म्हणून सखींनो, मोठ्या बॅटरीला पैसे घालण्याआधी पंख्याकडे बघा. त्यानं रोजचं वीजबिलही कमी येतं. मिक्सर, इस्त्री, शेगडी मात्र इन्व्हर्टरवर लावू नका.

लिथियमची बॅटरी महाग असते, पण तिला पाणी घालावं लागत नाही आणि ती जास्त वर्षं टिकते. शिशाच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, हंड्यातलं नाही. ती हवेशीर जागी, मुलांच्या हातापासून आणि चुलीपासून लांब ठेवा. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. जुनी बॅटरी भंगारवाल्यासमोर फोडू देऊ नका, शिसं विषारी असतं. ती दुकानात परत द्या आणि तिची किंमत नव्या बिलातून वजा करून घ्या. पक्कं बिल आणि तारखेसह वॉरंटी कार्ड मागायला लाजू नका.

गटातून कर्ज काढणार असाल, तर पुढच्या बैठकीला एक कागद आणा. लाईट गेल्यावर घरात काय काय चालायलाच हवं आणि त्याचे वॅट किती, एवढंच लिहा. बेरीज आपण मिळून करू. दुकानात मग दुकानदार नाही, आपण सांगायचं, केवढी बॅटरी हवी ते.