अर्बुदाचा माग : बोटांपासून एमआरआयपर्यंत

गर्भाशयमुखाचा कर्करोग किती पसरला आहे, हे डॉक्टर अनेक दशके मुख्यतः हाताने तपासून ठरवीत. पण अर्बुद आत किती खोल गेले आहे, हे बोटांना नेमके कसे कळणार?

उत्तर आपल्या शरीरातील पाण्यात होते. पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रके चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींनी विचलित केली, की ती हळूहळू पूर्वस्थितीला येतात. उंदरांच्या अर्बुदांत त्यांना निरोगी ऊतींपेक्षा जास्त वेळ लागतो, असे १९७१ मध्ये अमेरिकेत रेमंड डमेडियन यांना आढळले. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी अशा संकेतांपासून चित्र तयार केले. १९८३ मध्ये हेडविग ह्रिचाक यांनी स्त्रियांच्या ओटीपोटाच्या एमआरआय प्रतिमांवरील पहिले अनुभव प्रसिद्ध केले. अशा प्रतिमांत गर्भाशयाचे थर वेगवेगळे दिसतात. म्हणून अर्बुदाने कोणता थर ओलांडला, हेही समजते.

तरी रोगाची अवस्था ठरविण्यासाठी ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग महासंघाने या प्रतिमांना मान्यता दिली ती २०१८ मध्ये. कारण बहुतेक रुग्ण गरीब देशांतील, आणि नियम तर सर्वत्र पाळता येईल असा हवा. ही तपासणी सक्तीची नाही, ती सोय असेल तिथेच करायची आहे. शोध लागला, तो रुग्णापर्यंत पोचला का, हेही आपण विचारायला हवे.